थांबलेली बोट, परतणारी बोट: लहान ॲल्युमिनियम मासेमारी बोटीची निवड

मित्रहो, बोट घेण्याच्या विचारात असलेला माणूस आधी माहितीपत्रके चाळतो, आणि त्यांतल्या छायाचित्रांत बोट बहुधा एकाच अवस्थेत दिसते. पाणी शांत असते, नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक उचललेले असते आणि मागे फेसाचा पांढरा पट्टा उमटलेला असतो. मासेमारीची बोट या अवस्थेत दिवसातला फार थोडा वेळ घालवते. गळ टाकून ती तासन्‌तास थांबलेली असते, आणि दुपारनंतर वारा उठला की भिजलेली, थकलेली माणसे घेऊन ती किनाऱ्याकडे परतत असते. बोटीची खरी पारख या दोन अवस्थांत होते, असे माझे मत आहे आणि आजचे सारे विवेचन मी त्याच अंगाने करणार आहे. साधारण साडेचार ते साडेसहा मीटर लांबीची, आउटबोर्ड म्हणजे मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनावर चालणारी आणि ट्रेलरवरून नेता येणारी बोट माझ्यासमोर आहे. एरवी ती खाडीत आणि किनाऱ्यालगत वापरायची आणि हवामान चांगले असलेल्या निवडक दिवशी दूर खोल पाण्यात न्यायची, अशी अपेक्षा मी धरतो.

प्रथम धातूविषयी. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आहे, हे बहुतेकांना माहीत असते. त्याचा ताठरपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून पोलादी पत्र्याइतका ताठ ॲल्युमिनियम पत्रा हवा असेल तर तो सुमारे दीडपट जाड घ्यावा लागतो, आणि एवढे करूनही त्याचे वजन पोलादाच्या निम्म्याच्या आसपास राहते. लहान बोटींच्या बाजारात या हिशेबातून दोन घराणी तयार झाली आहेत. एका घराण्यात दीड ते तीन मिलिमीटरचा पत्रा साच्यात दाबून त्याला पन्हळी काढतात आणि ताठरपणा त्या पन्हळींतून मिळवतात. दुसऱ्या घराण्यात तळाला चार ते सहा मिलिमीटरची सपाट प्लेट वापरून, आतून लांबलचक पट्ट्यांचा सांगाडा देऊन सर्व काही वेल्डिंगने जोडतात. पहिली बोट हलकी असते, लहान इंजिनावर चालते आणि दोन माणसांना सहज ओढता येते. जिचे आयुष्य खाडीतच जाणार आहे तिच्यासाठी ती उत्तम आहे. खोल पाण्याचे नाव निघताच मी दुसऱ्या घराण्याकडे वळतो, कारण लाटेवर आपटणाऱ्या पातळ पत्र्याला थकवा येतो आणि ॲल्युमिनियमच्या थकव्याला पोलादासारखी सुरक्षित पातळी नसते. ताण कितीही लहान असला तरी तो पुरेशा वेळा पडला की कुठेतरी, बहुधा वेल्डच्या कडेला किंवा आतली पट्टी जिथे अचानक संपते तिथे, केसासारखी चीर सुरू होते.

मिश्रधातूचे क्रमांक लक्षात ठेवावेत. तळाच्या प्लेटसाठी 5083 किंवा 5086 हे मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू समुद्राच्या पाण्यात चांगले टिकतात. 6061 हा नळ्या आणि साच्यातून ओढलेल्या पट्ट्यांसाठी वापरतात. तो मुळात बळकट असतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, म्हणून मोठा भार घेणारा सांधा त्याच्यावर सोपवलेला असेल तर बांधणाऱ्याला कारण विचारावे. धातू कोणता आणि किती जाड हे ज्या विक्रेत्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून बोट घेऊ नये.

आता तळाचा आकार. मागून पाहिले असता तळ आडव्या रेषेपासून किती अंशांनी वर चढतो, या कोनावर बोटीचा बराचसा स्वभाव ठरतो. अमेरिकी बोट-रचनाकार रेमंड हंट यांनी आखलेल्या 24 अंशांच्या खोल तळाच्या बोटीने 1960 साली अमेरिकेतील मायामी ते बहामाजमधील नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि तेव्हापासून खोल उताराचा तळ म्हणजे खोल समुद्राची बोट हे समीकरण रूढ झाले. ते खरे आहे, पण वेगात धावणाऱ्या बोटीपुरते. असा तळ लाटेत शिरताना पाण्याला हळूहळू बाजूला सारतो, त्यामुळे आपटणे कमी होते. मात्र त्याला उचलायला अधिक अश्वशक्ती लागते आणि थांबल्यावर तो बोटीला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे डोलवतो. ॲल्युमिनियमची लहान बोट हलकी असल्याने हे डोलणे अधिकच जाणवते. बारा-चौदा अंशांची बोट उभी असताना पाटासारखी स्थिर राहते, पण अर्ध्या मीटरच्या आखूड लाटांवरून परतताना पाठीचे मणके मोजून घेते. दोन्हीकडे वापरायच्या बोटीसाठी मी सतरा ते वीस अंशांच्या मध्ये थांबेन, आणि स्थिरता रुंदीतून मिळवीन. तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथली कड रुंद आणि किंचित खाली वळवलेली असेल, तर उभ्या बोटीला ती आधार देते आणि धावताना तुषार खाली दाबते. काही बांधणारे तळाच्या मध्यभागी पोकळी ठेवतात. बोट थांबली की मागच्या तोंडातून तिच्यात पाणी शिरून बोट खाली बसते आणि निघाली की ते पाणी आपोआप वाहून जाते. ही युक्ती साधी आहे आणि माझ्या अनुभवात उपयोगी ठरली आहे, फक्त त्या पोकळीत हात आणि पाण्याचा पाइप पोचतो की नाही हे पाहावे, कारण आत साचलेले मीठ पुढे त्रास देते.

थांबलेल्या बोटीसंबंधी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कठड्याची उंची. मासा वर घेताना माणूस वाकतो, आणि कठडा गुडघ्याशी असेल तर त्याचा तोल बाहेर जातो. आतून मोजलेली सुमारे 65 ते 70 सेंटिमीटरची उंची मांडीला टेकते, आणि टेकलेली मांडी हाच मासेमाराचा तिसरा हात असतो. हीच उंची वाऱ्याला पकड देते हेही खरे. ॲल्युमिनियमची हलकी, उंच बोट वाऱ्याबरोबर भराभर सरकते, म्हणून नांगराची दोरी आणि साखळी यांत काटकसर करू नये.

आता परतीविषयी. जाताना लाटा समोरून येतात आणि धारदार नाळ त्या कापते, एवढे सगळे पाहतात. येताना त्याच लाटा मागून येतात. मागची लाट बोटीला उतारावर ढकलते, नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत शिरते आणि नाळेचा खालचा भाग फार खोल व धारदार असेल तर तोच सुकाणूसारखा पाण्याला धरून बसतो. मागचा भाग मोकळा असल्याने तो बाजूला फिरतो आणि बोट लाटेला आडवी होते. लहान बोटी उलटण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे. म्हणून खालून धारदार पण वर चढताना झपाट्याने रुंद होणारी, पाण्यात शिरली तर लगेच वर उचलणारी नाळ हवी. वारा एका दिशेने आणि भरती-ओहोटीचा प्रवाह विरुद्ध दिशेने असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि खाडीच्या तोंडाशी हे हमखास घडते. खोल समुद्रात सुखरूप राहिलेली बोट घरापासून हाकेच्या अंतरावर अडचणीत येते ती इथेच.

युरोपीय संघाच्या नियमांत बोटींचे अ, ब, क, ड असे चार आराखडी वर्ग करतात. सोयीसाठी मी मराठी अक्षरे वापरतो आहे. त्यातल्या क वर्गाची बोट ब्यूफोर्ट या वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापाच्या 6 बलापर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि 2 मीटरपर्यंतच्या लक्षणीय लाटांसाठी आखलेली असते, तर ड वर्गाची बोट 4 बलापर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि 30 सेंटिमीटरच्या लाटांसाठी. यात ‘लक्षणीय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, म्हणजे अधूनमधून येणारी एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही असू शकते. ड वर्गाची पाटी असलेली बोट कितीही जाड प्लेटची असली, तरी दूर नेण्यासाठी ती नाही.

लाट आत आली तर काय, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारावा. अडीच मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद मोकळ्या जागेत 20 सेंटिमीटर पाणी साचले, तर ते सुमारे 900 किलो भरते. पंपाने हे पाणी वेळेत निघत नाही. म्हणून दूर जाणाऱ्या बोटीची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा वर, पूर्ण बंद आणि मागच्या मोठ्या भोकांतून स्वतःच निचरा करणारी असावी. जमीन वर घेतली की माणसेही वर जातात आणि बोटीचा गुरुत्वमध्य चढतो, हा तिचा तोटा आहे; खाडीतल्या लहान बोटीला हा सौदा परवडत नाही, तिला खोल जमीन आणि हाताशी बादली बरी.

तरंगण्याची सोय हा याचाच पुढचा भाग. ॲल्युमिनियम पाण्यात बुडाले की त्याच्या वजनाचा सुमारे 37 टक्के भार पाणी उचलते. म्हणजे 400 किलोच्या सांगाड्यातील उरलेले 250 किलो, आणि त्याशिवाय इंजिन, बॅटरी आणि माणसे, कशाने तरी पेलावे लागतात. अमेरिकेत 20 फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटारबोटींना पाणी भरल्यावरही तरंगत राहण्याची सोय असणे नियमाने बंधनकारक आहे, आणि आउटबोर्डवाल्या बोटीने त्या वेळी सपाट राहणे अपेक्षित असते. उलटी किंवा उभी तरंगणारी बोट धरून राहायला कठीण. त्यासाठी प्लास्टिकचा हलका फेस (फोम) भरतात किंवा हवाबंद कप्पे ठेवतात. ओतून बसवलेला फेस वर्षानुवर्षे ओलसर राहिला की पाणी शोषतो आणि धातूला चिकटून त्याला आतून खातो; स्वस्त पॉलिस्टायरीन पेट्रोलच्या स्पर्शाने विरघळते. काढून पाहता येतील असे बंद पेशींच्या फेसाचे ठोकळे, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र झाकण असलेले अनेक लहान कप्पे, मला अधिक विश्वासाचे वाटतात.

इंजिनाबाबत थोडक्यात बोलतो. चार-स्ट्रोक 60 अश्वशक्तीचे इंजिन सुमारे 110 किलोचे असते आणि 115 अश्वशक्तीचे 170-180 किलोच्या आसपास. एवढे वजन बोटीच्या टोकाला लटकते, त्यामुळे पाटीवर लिहिलेल्या कमाल अश्वशक्तीइतकेच कमाल वजनही तपासावे. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीला तासाला साधारण एक तृतीयांश लिटर इंधन पिते, यावरून टाकीचा हिशेब करता येतो. तो करताना एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला भाग हात न लावण्यासाठी, हा जुना दंडक मोडू नये. टाकी बोटीच्या मध्याजवळ हवी, म्हणजे ती रिकामी होत गेली तरी बोटीचा कल बदलत नाही.

गंजाचा विषय मी शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. ‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ हे अर्धसत्य आहे. हवा लागते तोवर त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर स्वतःच बसतो आणि त्याला राखतो. मिठाच्या पाण्यात दुसरा धातू शेजारी आला, की ॲल्युमिनियम त्याच्यासाठी झिजते. गळाला लावायचे शिशाचे एक वजन किंवा तांब्याचे नाणे जमिनीखाली घरंगळून ओल्या तळात पडले, तर त्याच्याखाली प्लेटला भोक पडू शकते. तांबेयुक्त शेवाळरोधक रंग या बोटीला लावू नये. ट्रेलरवरचे लाकूड तांब्याच्या द्रावणाने टिकाऊ केलेले असेल तर तेही बदलावे. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट टाळता येत नाहीत, पण त्यांच्याखाली प्लास्टिकची चकती आणि लेप हवा. विद्युत मंडलाची परतीची तार म्हणून बोटीचा सांगाडा कधीच वापरू नये, प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या दोन तारा असाव्यात आणि किनाऱ्यावर येताच बॅटरी मुख्य स्विचने तोडावी. मी पाहिलेल्या एका वापरलेल्या बोटीचे बाहेरचे वेल्ड देखणे होते, रंग नवा होता, आणि जमिनीवरचा गालिचा उचलल्यावर त्याखाली पांढऱ्या भुकटीचे नकाशे उमटलेले होते. तेव्हापासून मी आधी गालिचा उचलतो, मग रंग पाहतो.

खरेदीपूर्वीची चाचणी हलक्या वाऱ्याच्या सकाळी घेऊ नये. बोटीत नेहमीइतकी माणसे, इंधन आणि बर्फ भरून न्यावे, इंजिन बंद करून तिला लाटांना आडवी सोडावी आणि सर्वांनी एका कोपऱ्यात उभे राहावे; निचऱ्याच्या भोकांतून पाणी आत येते का ते तेव्हा दिसते. मग परतताना लाटा मागे घेऊन, वेग कमी-जास्त करत, सुकाणू हातात जड होते की हलके याकडे लक्ष द्यावे. ट्रेलरवर आल्यावर तळाचे बूच काढून खाली बादली ठेवावी आणि निघालेले पाणी मोजावे. ते पाणी जमिनीवरून कुठून झिरपले हे विक्रेत्याला दाखवता आले नाही, तर ते तळातून आले असे धरून चालावे आणि प्रत्येक वेल्ड आतून तपासल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये.