पेशींना लागणारी उजेडाची झळ

नमस्कार श्रोतेहो. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींचं रात्रभर चित्रण करणाऱ्यांसाठी आधी एक हिशेब मांडू. हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी, 12 तास, दर 2 मिनिटांनी फोटो, म्हणजे 360 वेळा. प्रत्येक वेळी पेशीतल्या वेगवेगळ्या खोलीवरचे 15 थर, म्हणजे 5400 फोटो. कॅमेऱ्याला दर फोटोला 100 मिलिसेकंद पुरतात, म्हणजे एकूण 9 मिनिटं उजेड. पण शटर संथ असेल आणि दिवा 300 मिलिसेकंद जळत राहिला, तर तीच 27 मिनिटं होतात. वरच्या 18 मिनिटांचा फोटोला काडीचाही उपयोग नाही, पेशीला मात्र ती सोसावी लागतात. म्हणून एलईडी किंवा लेझर थेट कॅमेऱ्याच्या ट्रिगरला जोडा, म्हणजे फोटो घेतानाच दिवा लागेल.

पेशीत होतं काय? फ्लुओरेसंट रंगाचा रेणू प्रकाश शोषतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या रंगात परत सोडतो. कधीकधी मात्र ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला मिळते, आणि तो भडकलेला ऑक्सिजन प्रथिनं, पेशीपटल, डीएनए, जे हाताशी येईल त्याची नासधूस करतो. रंग न घातलेल्या पेशीही सुटत नाहीत. त्यांच्यात आणि त्यांच्या माध्यमात, म्हणजे त्या ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व असतं, तेही निळा प्रकाश शोषतं. उन्हात राहिलेल्या दुधाची चव बिघडते, ती याच्याचमुळे. माध्यमात हेपेस, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं रसायन, असेल तर उजेडात हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. चित्रणापुरतं तरी रायबोफ्लेविन आणि फिनॉल रेड, म्हणजे आम्लता दाखवणारा रंग, नसलेलं माध्यम वापरा.

405 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सगळ्यात जाचक. त्यातून होएख्स्ट हा रंग डीएनएलाच चिकटतो, त्यामुळे घाव नेमका वर्मी बसतो. 488 चा निळा त्याहून बरा, 640 चा लाल बराच सौम्य. शक्य असेल तिथे लाल रंगच निवडा.

रंग फिका पडला नाही म्हणजे पेशी ठणठणीत, ही समजूत फार घात करते. इजा बऱ्याचदा रंग उडण्याआधीच झालेली असते. पेशीकडेच बघा. धाग्यांसारख्या लांबट तंतुकणिका तुटून मण्यांसारख्या गोल झाल्या का? पटलावर फुगे आले का? निरोगी हेला पेशी गोल झाल्यापासून साधारण तासाभरात दुभंगते. तीच 3 तास गोल बसून राहिली, तर पहिला संशय उजेडावर घ्या.

आणखी एक चूक कुठल्याच नोंदीत येत नाही. चित्रण सुरू करण्याआधी पूर्ण फ्लुओरेसंट उजेडात 5 मिनिटं चांगली पेशी शोधत बसणं. शोधाशोध आणि फोकस सूक्ष्मदर्शकाच्या साध्या दिव्यावर करा.

तुलनेसाठी दोन वेल, म्हणजे पेशी वाढवायच्या ताटलीतले छोटे खळगे, राखा. एकात रंगवलेल्या पेशी, पण उजेड अजिबात नाही. दुसऱ्यात बिनरंगाच्या पेशी आणि उजेड पूर्ण. वेल वेगळेच हवेत, कारण पेरॉक्साइड माध्यमातून पसरतं आणि त्याच वेलमधल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पेशींनाही बाधतं. सकाळी हे दोन आणि चित्रणाचा एक, अशा तिन्ही वेलमधल्या दुभंगलेल्या पेशी मोजा, आणि आकडे जुळले नाहीत तर लेझर निम्म्यावर आणून पुन्हा चित्रण करा.