बाळाच्या आतड्यात पहिली वस्ती कोणाची?

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नवजात बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि चिकट असते, आणि तिला जवळजवळ वास नसतो. शीला वास येतो तो मुख्यतः जिवाणूंमुळे, आणि ते तिथे अजून पोहोचलेले नसतात. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली हे नोंदवले की जन्मानंतर काही तासांतच या शीत जिवाणू दिसू लागतात. त्याच अभ्यासात त्याला सापडलेल्या जिवाणूला आज आपण त्याच्या नावावरून ‘ई. कोलाय’ (एशेरिशिया कोलाय) म्हणतो. मधल्या काळात वारेतही (प्लासेंटात) जिवाणूंची वस्ती असते, असा दावा पुढे आला होता. परंतु २०१९ मध्ये ५३७ बाळंतिणींच्या वारेचे नमुने तपासले गेले, तेव्हा काही मोजके रोगजंतू वगळता तशी वस्ती आढळली नाही. म्हणजे बाळाच्या आतड्यातील खरी वस्ती जन्माच्या वेळी आणि त्यानंतरच्या दिवसांत होते, आणि तिचा सर्वांत मोठा पुरवठा आईकडून होतो.

म्हणूनच आईच्या प्रकृतीचा विचार प्रसूतीच्या दिवशी सुरू करून चालत नाही. गरोदरपणातील मधुमेह, लठ्ठपणा, अतिस्निग्ध आहार आणि त्या काळात घेतलेली अँटिबायोटिके यांचा आईच्या आतड्यातील जिवाणूंवर परिणाम होतो, आणि त्याचे पडसाद बाळाच्या नमुन्यांतही दिसल्याचे अनेक अभ्यास सांगतात. रक्तक्षयाचा मार्ग थोडा वेगळा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. तीव्र रक्तक्षयात कमी दिवसांचे बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. असे बाळ काचेच्या पेटीत राहते, त्याला अँटिबायोटिके द्यावी लागतात, आईचे दूध उशिरा मिळते, आणि त्याच्या आतड्यात आईऐवजी दवाखान्यातील जिवाणू आधी शिरतात. शाहूवाडीच्या किंवा गगनबावड्याच्या वाडीवर एखादी आशाताई लोहाच्या गोळ्या हातात ठेवून ‘माझ्यासमोर घ्या’ म्हणते, तेव्हा ती या साखळीची पहिली कडी सांभाळत असते.

आता सिझेरियनकडे वळू. नैसर्गिक प्रसूतीत बाळाच्या अंगावर आणि तोंडात आईचे जिवाणू येतात, हे आपण जाणतोच; पण ते नेमके कुठून येतात, याची समजूत अलीकडे बदलली आहे. आधी भर योनिमार्गातील जिवाणूंवर होता. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांच्या शीचे नमुने तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले, की बाळात टिकून राहणारे जिवाणू मुख्यतः आईच्या आतड्यातले असतात. सिझेरियनने जन्मलेल्या अनेक बाळांत बॅक्टेरॉइड्स हा आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचा गट जवळजवळ नव्हता, आणि त्याच्या जागी एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला यांसारखे दवाखान्यात वावरणारे जिवाणू होते. शस्त्रक्रियेआधी आईला अँटिबायोटिक दिले जाते आणि ते दिलेच पाहिजे, कारण त्यामुळे जखमेतील जंतुसंसर्ग टळतो. पण वस्ती बदलण्यात त्याचाही वाटा असतो. पुढे सहा ते नऊ महिन्यांत हा फरक बराचसा ओसरतो, तरी बॅक्टेरॉइड्सची उणीव रेंगाळते. दमा आणि ॲलर्जी यांच्याशी सिझेरियनचा संबंध अनेक पाहण्यांत दिसतो. तो संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेला नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५.४ टक्के होते, त्याआधीच्या पाहणीत २०.१. यातील किती तरी शस्त्रक्रियांनी आई आणि बाळ दोघांचे प्राण वाचवले आहेत, आणि ज्या मातेचे सिझेरियन झाले तिला कोणीही दोष देऊ नये. माझा आक्षेप आहे तो मुहूर्त गाठण्यासाठी केलेल्या सिझेरियनला. कळा सुरू होण्याआधी, पाणमोट शाबूत असताना होणाऱ्या शस्त्रक्रियेत बाळाचा आईच्या जिवाणूंशी संपर्क सर्वांत कमी येतो.

यानंतर येते दूध, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त काही आपल्या हाती असेल तर ते इथेच आहे. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल एका विशिष्ट शर्करासमूहाचा वाटा असतो, आणि गंमत अशी की बाळाला तो पचवताच येत नाही. तो आहे बाळाच्या आतड्यातील बिफिडो नावाच्या उपयुक्त जिवाणूंसाठी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए याने १८९९ च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत हे जिवाणू शोधले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना टोकाशी फाटा फुटलेला दिसतो, म्हणून हे नाव. ही शर्करा खाऊन ते आम्ल तयार करतात, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी आणि किंचित आंबूस असते, आणि त्या आम्लात क्लेब्सिएलासारख्यांना फोफावणे अवघड जाते. या शर्करेचे प्रमाण सर्वाधिक असते ते पहिल्या पिवळसर चिकात.

म्हैस व्याली की रेडकाला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजला पाहिजे, हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गोठ्यात सांगावे लागत नाही. बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड पडतो’ म्हणून पिळून टाकणारी घरे अजून आहेत. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के होते. सिझेरियन झालेल्या आईला कमरेखालची भूल दिलेली असेल, तर ती शुद्धीत असते. बाळाची प्रकृती ठीक असल्यास त्याला तिच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवता येते आणि पाजताही येते. नातेवाईकांनी डॉक्टरांना ही विनंती आधीच करून ठेवावी.

आज्यांना एक नम्र विनंती आहे. सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून दिलेली गुटी मायेने दिली जाते, यात शंका नाही; पण सहाण, पाणी आणि बोट या तिन्हींवरचे जिवाणू तिच्याबरोबर आत जातात, आणि तेही आईचे जिवाणू स्थिरावण्याच्या आत. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी, पाणी, गूळपाणी काही नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातून बॉट्युलिझम ही स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा होऊ शकते.

सिझेरियनच्या बाळाला योनिस्राव पुसून लावण्याच्या प्रयोगांविषयीही विचारले जाते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये संशोधनाबाहेर हे करू नये असे सांगितले. आईला असलेला संसर्ग बाळाला होण्याचा धोका त्यात आहे. त्याच वर्षी ओडिशातून आशादायक बातमी आली. तेथील खेड्यांतल्या ४,५५६ बाळांवरील चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा जिवाणू विशिष्ट शर्करेसह सात दिवस दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. मात्र ही बाळे किमान दोन किलो वजनाची आणि अंगावर पिणारी होती, आणि दिलेला जिवाणूचा वाण नेमका ठरलेला होता. औषधाच्या दुकानातून कोणतेही प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंचे) थेंब आणून स्वतःच्या मनाने बाळाला देण्यास या निष्कर्षाचा आधार घेता येणार नाही.