हात गळ्यात किती दिवस?

श्रोतेहो, नमस्कार.

खांद्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की पेशंट पहिल्यांदा विचारतात, "मॅडम, टाके किती पडतील?" टाके मोजकेच पडतात. खरं विचारायला हवं, हात गळ्यात किती दिवस?

मी फिजिओथेरपिस्ट. पेशंट माझ्या हाती येतो तो ऑपरेशननंतर. आज बोलते आहे रोटेटर कफबद्दल. खांद्याची वाटी उथळ असते, आणि तिच्यात दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर ठेवायचं काम चार स्नायू करतात, त्यांनाच रोटेटर कफ म्हणतात. पडल्यानं किंवा वयानं झिजून त्यांची हाडाला चिकटलेली कंडरा फाटते, मग वरच्या फळीवरचा डबा काढताना हात मध्येच अडतो. प्रत्येक वेळी ऑपरेशन लागतं असं नाही. लागलंच तर बहुधा दुर्बिणीतून करतात. हाडात बारीक खिळ्यासारखे अँकर बसवायचे आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा पुन्हा हाडाला बांधायची.

बऱ्याचदा मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. तो लाकडासारखा, परक्याचा वाटतो. कुणाचा आवाज बसतो, कुणाची त्याच बाजूची पापणी उतरते. बधिरपणा गेला की तेही जातं. दम लागला तर मात्र लगेच सांगा. हा बधिरपणा साधारण 12 ते 24 तासांत उतरतो, म्हणजे पुष्कळदा ऐन मध्यरात्री. तेव्हा कळ यायची वाट पाहू नका, गोळी सांगितलेल्या वेळेला घ्या.

झोपेचे हाल होतात, ते कुणी आधी सांगत नाही. आडवं झालं की खांदा ठणकतो. पाठीशी उशांची उतरंड लावा, नाहीतर आरामखुर्ची गाठा, आणि हे काही आठवडे चालायचं. सदरा पुढून बटणांचा. दुखरा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. काख धुवायला हात उचलू नका. कमरेतून पुढे वाका, हात आपोआप सुटा लोंबतो.

पट्टा बहुधा 4 ते 6 आठवडे. तोवर बोटं आणि मनगट हलवत राहायचं. खांदा कधी, किती हलवायचा ते सर्जन सांगतील. मधुमेह असेल तर खांदा आखडायची भीती जास्त, साखर सांभाळा. तंबाखू सोडा, तिच्यानं कंडरा जुळायला अडथळा येतो. आणि घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी मालीशवाल्याला बोलावू नका!

मला धास्ती असते ती तिसऱ्या महिन्याची. दुखणं पळालेलं असतं, कंडरा मात्र अजून कच्ची असते. माझ्या एका पेशंटनं नवव्या आठवड्यात "आता काहीच दुखत नाही" म्हणून भरलेली बादली उचलली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. ताकदीचे व्यायाम साधारण 12 आठवड्यांनी सुरू होतात; पूर्ण भरवसा यायला 6 महिने ते वर्ष लागतं.

ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

मुंबईचे पेशंट विचारतात, लोकलची कडी कधी धरू? ती दुसऱ्या हातानं धरा, म्हणते मी. पण गळ्यात पट्टा दिसला तर लोक उठून जागा देतात, पट्टा निघाला की कुणी ओळखही दाखवत नाही. म्हणून घरात पट्टा सुटल्यावरही काहींना मी सांगते, गर्दीत जाताना तेवढा घालून जा.