हरलेल्या खटल्याचा वकील

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख तरुणाला नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकी सैन्यात होते. पण १७९० पासून चालत आलेल्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ माणसांना आणि १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येत असे.

थिंड यांच्या वकिलांमध्ये अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित होते. थिंड आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन (तेव्हाचे वंशशास्त्र युरोपीय लोकांना ज्या वंशात धरत असे तो), आणि कॉकेशियन म्हणजे गोरा, असा त्यांच्या पक्षाचा युक्तिवाद होता. तो निराधार नव्हता, कारण अवघ्या तीन महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारताना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच गोरा म्हणजे कॉकेशियन असे लिहिले होते. थिंड यांच्या वेळी मात्र त्याच सदरलँड यांनी वंशशास्त्र बाजूला सारले आणि गोरा कोण हे सामान्य माणसाच्या समजुतीवर सोपवले. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही: वरच्या जातीचा हिंदू (अमेरिकेत तेव्हा शिखांसह सगळ्याच भारतीयांना हिंदू म्हणत) भारतातल्या मूळ रहिवाशांशी सोयरीक करत नाही, हेही त्या युक्तिवादात अभिमानाने मांडले होते. वर्णभेदाच्या दारात न्याय मागताना जातिभेदाची साक्ष काढली गेली, हे आज वाचताना मन खिन्न होते.

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्यासाठी दावे लावले आणि त्यांत खुद्द पंडितांवरही दावा झाला. ते १९१४ पासून नागरिक होते, त्या भरवशावर कॅलिफोर्नियात वकिली करत होते, आणि त्यांचे नागरिकत्व गेले असते तर त्यांच्या अमेरिकी पत्नीचेही गेले असते. या वेळी त्यांनी आपण गोरे असल्याचे सिद्ध करण्यावर भिस्त ठेवली नाही. १९१४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, सरकारने त्यावर अपील केले नाही, मग तोच प्रश्न इतक्या वर्षांनी पुन्हा कसा उकरता येईल, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे वकील ज्याला प्राङ्न्याय म्हणतात, तेच हे तत्त्व. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची विनंती सुनावणीलाच घेतली नाही, आणि पंडितांचे नागरिकत्व टिकले.

थिंड यांना मात्र नागरिकत्वासाठी १९३६ पर्यंत थांबावे लागले. इतर भारतीयांसाठी ते दार २ जुलै १९४६ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीने उघडले; त्याच कायद्याने भारतातून दरवर्षी १०० जणांना स्थलांतराची मुभा दिली.