ॲन सलिव्हन: हापशानंतरची एकोणपन्नास वर्षं

(पडद्यावर: जुना कृष्णधवल फोटो. उन्हाळा. घराबाहेर बसलेल्या दोघी.)

हा फोटो १८८८ सालच्या जुलैमधला. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावर ब्रूस्टर नावाचं गाव आहे, तिथे काढलेला. शंभराहून जास्त वर्षं तो एका घरच्या जुन्या फोटोंमध्ये पडून होता. २००८ साली लोकांसमोर आला. फिक्या रंगाच्या झग्यातली, बाहुली घेऊन बसलेली आठ वर्षांची, बहिरी आणि आंधळी मुलगी म्हणजे हेलन केलर. तिच्याकडे बघत बसलेल्या बाईंचं नाव ॲन सलिव्हन. वय अवघं बावीस. दोघींनी हात धरलेत. हात सुटला की या दोघींचं बोलणंच बंद व्हायचं.

हेलन आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटते. तिच्या बाईंच्या वाट्याला तिथे एखादा परिच्छेद येतो. हापसा, पाण्याची धार, हातावर लिहिलेला शब्द, आणि बाईंचं काम झालं. खरं तर ते तिथे जेमतेम सुरू झालं होतं.

(पडद्यावर: ट्यूक्सबरी येथील जुन्या इमारती.)

ॲन जन्मली १४ एप्रिल १८६६ रोजी. आईवडील आयर्लंडहून पोटासाठी आलेले, घरात अठराविश्वे दारिद्र्य. पाचेक वर्षांची असताना डोळ्यांत खुपऱ्या झाल्या आणि नजर अधू झाली. आठव्या वर्षी आई गेली. वडिलांनी पुढे हात वर केले. १८७६ च्या फेब्रुवारीत ॲन आणि तिचा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरीच्या सरकारी आश्रयगृहात झाली. म्हातारे, वेडे, आजारी, बेवारस असे सगळे तिथे एकाच छपराखाली. जिमीला कमरेच्या हाडाचा क्षय होता. तीनेक महिन्यांत तो तिथेच वारला.

ॲन तिथे चार वर्षं राहिली. आंधळ्या मुलांसाठी शाळा असते, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. १८८० मध्ये राज्याचे अधिकारी फ्रँक सॅनबॉर्न तपासणीला आले, तेव्हा ही पोर त्या घोळक्याच्या मागे मागे फिरली आणि शेवटी ओरडून म्हणाली, मला शाळेत जायचंय. ऑक्टोबरमध्ये तिला बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल करून घेतलं. वय चौदा, आणि स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. वर्गातल्या लहान मुली तिला हसायच्या. तीही गप्प बसणारी नव्हती. शिक्षकांशी भांडणं व्हायची, शाळेतून काढून टाकण्यापर्यंत गोष्टी जायच्या. सहा वर्षांनी, १८८६ साली, हीच मुलगी वर्गात पहिली आली आणि निरोपाचं भाषण तिनंच केलं. मधल्या काळात डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, छापील अक्षर वाचण्याइतपत दिसू लागलं होतं.

पर्किन्समध्ये तिला आणखी एक गोष्ट मिळाली. लॉरा ब्रिजमन ही बहिरी आणि आंधळी बाई तेव्हा तिथेच राहत असे. डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाव यांनी तिला १८३७ पासून बोटांच्या लिपीनं भाषा शिकवली होती. एकेका अक्षरासाठी बोटांची एकेक ठेवण. बोलणाऱ्याच्या हातावर ऐकणाऱ्यानं आपला हात अलगद ठेवायचा आणि अक्षरं चाचपत जायचं. ॲन ही लिपी शिकली आणि लॉराशी गप्पा मारू लागली.

(पडद्यावर: अलाबामा. टस्कंबिया येथील केलर कुटुंबाचं पांढरं घर.)

३ मार्च १८८७ रोजी ॲन हेलनला शिकवायला या घरी आली. हेलन सात वर्षांची व्हायला काही महिने कमी होते. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या तापात तिची दृष्टी आणि ऐकणं दोन्ही गेलं होतं. घरात तिला कुणी ‘नाही’ म्हणत नसे. बिचारी पोर, करू द्या तिला काय करायचं ते. पहिल्याच दिवसांत तिनं ॲनचा समोरचा एक दात पाडला. एकदा तिला खोलीत कोंडून किल्ली लपवली. शेवटी वडिलांनी शिडी लावून बाईंना खिडकीतून खाली उतरवलं.

जेवणाच्या टेबलाची गोष्ट ॲननंच पत्रात लिहून ठेवली आहे. हेलन सगळ्यांच्या ताटांत हात घालून हवं ते उचलायची. ॲननं आपल्या ताटाला हात लावू दिला नाही. घरचे लोक वैतागून उठून गेले. ॲननं दार लावून घेतलं आणि शांतपणे जेवत राहिली. हेलन लोळली, चिमटे काढले, खुर्ची ओढायला बघितलं. बराच वेळ गेल्यावर ती चमच्यानं जेवली. मग रुमालाची घडी घालण्यावरून आणखी तासभर. ते झाल्यावर ॲन आपल्या खोलीत गेली आणि मनसोक्त रडली.

आजचे विशेष शिक्षक हा प्रकार वाचून कपाळाला हात लावतील, आणि त्यांचं चुकणार नाही. मुलाशी अशी झटापट करू नये, हेच आज शिकवलं जातं. ॲन वीस वर्षांची होती. कुठलंही प्रशिक्षण नव्हतं, हाताशी होत्या फक्त लॉरावरच्या हाव यांच्या नोंदी. पुढे तिनं हेलनला घेऊन बागेजवळच्या छोट्या घरात वेगळं बिऱ्हाड केलं. दोन आठवड्यांत पोर निवळली.

मग आला ५ एप्रिल. ‘मग’ हा इंग्रजी शब्द भांड्याचा की त्यातल्या पाण्याचा, हा हेलनचा गोंधळ काही सुटत नव्हता. ॲननं तिला हापशापाशी नेलं, एका हातावर धार सोडली आणि दुसऱ्या हातावर ‘वॉटर’ची अक्षरं. हेलन थबकली. मग जमिनीचं नाव विचारलं, हापशाचं विचारलं, आणि वळून बाईंचं. ॲननं उत्तर दिलं: टीचर. पुढे आयुष्यभर हेलनसाठी तिचं नाव तेच राहिलं. काही तासांत तीसेक नवे शब्द तिच्या पदरात पडले.

याच प्रसंगाचा पुढे इतका बोलबाला झाला की त्यानंतर पाचच दिवसांनी ॲननं घेतलेला निर्णय झाकोळून गेला. माझ्या मते तिची खरी कामगिरी तो निर्णय आहे.

(पडद्यावर: हस्ताक्षरातलं पत्र. तारीख: १० एप्रिल १८८७.)

पर्किन्समधल्या आपल्या मायाळू मिसेस हॉपकिन्स यांना तिनं लिहिलं, की ठरलेल्या वेळी बसवून धडे देणं आता बंद. कारण काय? हेलनच्या नात्यातली पंधरा महिन्यांची एक मुलगी ती बघत होती. ‘नाक कुठंय?’ म्हटलं की ती नाक दाखवायची. स्वतः बोलायला अजून फारसं येत नव्हतं, पण सांगितलेलं कळत होतं. तिला कुणी टेबलाशी बसवून शब्द घोकायला लावले नव्हते. घरातले लोक बोलत होते आणि ती ऐकत होती, बस्स. मग हेलनशीही तसंच का बोलू नये? कळो न कळो, पूर्ण वाक्यं तिच्या हातावर द्यायची. आपण तान्ह्या मुलाच्या कानाशी बोलत राहतो, तशी. महिन्याभरात तिनं असंही लिहिलं, की शिक्षणाच्या मोठमोठ्या खास पद्धतींबद्दलच मला आता शंका येऊ लागली आहे. मुलाला मोकळं फिरू द्या, वस्तू हाताळू द्या.

मग वर्ग भरायचा रानात, नदीकाठी. चिखलाचे डोंगर, खड्यांचे बांध, बोटानं चाचपून शिकायचा भूगोल. एकदा हेलन मणी ओवत होती. दोन मोठे, तीन छोटे, असा क्रम होता आणि तो पुन्हा पुन्हा चुकत होता. ती थांबून विचारात पडली. नेमक्या त्या क्षणी ॲननं तिच्या कपाळावर बोट टेकवलं आणि हातावर शब्द दिला: ‘थिंक’. विचार ही काही हातात धरून दाखवायची वस्तू नाही. डोक्यात जे चाललंय त्याला हे नाव आहे, हे हेलनला तेव्हा उमगलं. असा क्षण हेरायचा तर मुलाजवळ दिवसभर बसून राहावं लागतं. त्याला तासिकांचं वेळापत्रक कामाचं नाही.

(पडद्यावर: रॅडक्लिफ कॉलेज.)

कीर्ती झाली तसे संशयही आले. अकरा वर्षांच्या हेलननं लिहिलेली एक गोष्ट आधी छापलेल्या गोष्टीशी जुळते असं निघालं, तेव्हा १८९२ मध्ये पर्किन्सच्या लोकांनी तिची चौकशी केली, तीही बाईंना बाहेर बसवून. पोरगी स्वतः काही विचार करतच नाही, सगळं ॲनचं आहे, ही कुजबुज पुढेही थांबली नाही.

१९०० ते १९०४ हेलन रॅडक्लिफमध्ये शिकली. प्राध्यापक बोलायचे, ॲन ऐकायची, तिची बोटं चालायची. हेलनचा हात ऐकण्यात गुंतलेला, म्हणून तिला वर्गात टिपणं काढता येत नसत. आठवेल ते घरी जाऊन लिहायचं. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं ॲन तासन्‌तास वाचून हातावर उतरवायची, त्याच अधू डोळ्यांनी. हेलन पदवीधर झाली. बहिरी आणि आंधळी असून बी.ए. झालेली पहिली व्यक्ती. चार वर्षं प्रत्येक तासाला शेजारी बसलेल्या ॲनच्या हाती पदवी आली नाही. टेंपल विद्यापीठाची मानद पदवी तिनं १९३२ साली घेतली, तीही आधी नकार देऊन.

लग्न झालं, जॉन मेसी यांच्याशी, १९०५ मध्ये. फार वर्षं टिकलं नाही. पैशांची ओढाताण कायमची. १९२० ते १९२४ या काळात दोघी रंगमंचावर आपली गोष्ट सांगत गावोगाव फिरल्या. ॲनला प्रखर दिव्यांचा त्रास व्हायचा. मग अंधांसाठीच्या संस्थेचं काम, निधीसाठी दौरे. १९२९ मध्ये तिचा उजवा डोळा काढावा लागला. पुढे नजर पूर्ण गेली आणि ब्रेल पुन्हा गिरवायची वेळ आली, तेव्हा शिकवायला हेलन होती.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समध्ये, सत्तराव्या वर्षी ॲन वारली. हात हेलनच्या हातात होता. तिच्या अस्थी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये ठेवल्या आहेत.

(पडद्यावर: मुंबई. शाळेच्या खोलीत शिक्षिका आणि एक मूल, फक्त हात दिसतात.)

१९५५ साली हेलन भारतात आली तेव्हा हातावर अक्षरं देणारी होती पॉली थॉमसन. ती १९१४ पासून या दोघींबरोबर होती. मुंबईत बहिऱ्या-अंध मुलांसाठी हेलन केलरच्या नावाची संस्था १९७७ साली सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अपंगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आला.

या कामाची अडचण साधी आणि मोठी आहे. मुलाला हात धरून ओढायचं नसतं. शिक्षिका आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवते, म्हणजे हवं तेव्हा मूल हात काढून घेऊ शकतं. जेवणाआधी चमचा हातात द्यायचा, आंघोळीआधी टॉवेल. हे एका वेळी एकाच मुलाबरोबर होतं. ॲननं एका विद्यार्थिनीसाठी एकोणपन्नास वर्षं दिली. कुठल्याही शाळेला प्रत्येक मुलामागे अशी माणसं मिळणार नाहीत, आणि तशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. म्हणून या मुलांच्या शिक्षिकांना आई, भाऊ, आजी यांचेही वर्ग घ्यावे लागतात. शाळा सुटल्यावर मुलाशी बोलणारं घरात कुणीतरी हवं. टस्कंबियात हेलनच्या आईनं, केट केलर यांनी, हीच बोटांची लिपी शिकून घेतली होती.