युडायमोनिया : ‘सुख’ म्हणून भागत नाही

अथेन्समध्ये, रिगिलिस रस्त्यालगतच्या गजबजाटात, दगडी पायांच्या या बुटक्या ओळी १९९६ साली खोदकामात उघड्या पडल्या. हा कुस्तीचा आखाडा आहे. लायसिअम नावाच्या व्यायामशाळेच्या याच परिसरात इ.स.पू. ३३५ च्या सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने आपली शाळा सुरू केली. जीवनाचे सर्वोच्च साध्य कोणते, याचे नाव सगळे एकच सांगतात, पण त्याच्या अर्थावर मात्र कोणाचेच एकमत नाही, अशी त्याची नोंद आहे. ते नाव म्हणजे ‘युडायमोनिया’.

पडद्यावर उमटत आहेत ती त्याची दहा ग्रीक अक्षरे. पहिल्या दोहोंचा ‘यु’ म्हणजे चांगले, आणि भाषाशास्त्र सांगते की हा ‘यु’ व आपला ‘सु’ यांचे मूळ एकच आहे. पुढचा ‘डायमोन’ म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधली, प्रत्येकाच्या वाट्याला येणारी शक्ती. मराठी कानाला येथे ‘सुदैव’ ऐकू येणे साहजिक आहे, कारण घडण तीच आहे. परंतु ‘दैव’ हा ‘देव’पासून आला, तर ‘डायमोन’ बहुधा ‘वाटून देणे’ या अर्थाच्या धातूपासून, आणि म्हणून अर्थाने तो आपल्या ‘भाग’ व ‘भाग्य’ यांच्या अधिक जवळ जातो. (इंग्रजीतला ‘डीमन’ही याच घरचा, त्याला सैतानाच्या पंगतीला बसवले ते ख्रिस्ती लेखकांनी.)

प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात सुवर्णयुगातली माणसे मरणानंतर डायमोन होऊन मर्त्यांची राखण करतात. पुढे एफेससच्या हेराक्लायटस या तत्त्वज्ञाने अवघ्या तीन ग्रीक शब्दांत सांगितले की माणसाचा स्वभाव हाच त्याचा डायमोन, आणि बाहेरचा राखणदार आत येऊन बसला. तत्त्वज्ञ डेमोक्रिटसच्या मते तर युडायमोनिया गुराढोरांत राहत नाही, सोन्यातही राहत नाही. डायमोनचे बिऱ्हाड आत्म्यात असते.

इतका प्रवास केलेल्या शब्दाला ‘सुख’ म्हणून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. सुख घटकाभर वाटू शकते. ॲरिस्टॉटलची युडायमोनिया ही सद्गुणाला धरून चाललेली आत्म्याची क्रिया आहे, आणि तिला पुरे आयुष्य लागते. एक भिंगरी पक्षी दिसला म्हणून वसंत आला असे होत नाही, हा दाखला त्याचाच. गुलामांना मात्र त्याने यात वाटा दिला नाही.

आखाड्याच्या या चौकोनाकडे पुन्हा पाहावे. ऑलिंपियात मुकुट सर्वांत देखण्या किंवा सर्वांत बलवान माणसाला मिळत नाही, जे स्पर्धेत उतरतात त्यांच्यापैकीच कोणाला तरी मिळतो, असे ॲरिस्टॉटलने लिहिले आहे.