शिंगं नसलेले व्हायकिंग : थेरियनचा 'सीक्रेट ऑफ द रून्स' ऐकताना

नमस्कार. आधीच सांगून टाकतो, आज आपण थेरियन या मेटल बँडचा जो अल्बम ऐकणार आहोत त्यात शिंगवालं हेल्मेट नाहीये, त्यासाठी कोणी आलं असेल तर सॉरी. आणि ते हेल्मेट तसंही व्हायकिंगांचं, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या त्या जुन्या दर्यावर्द्यांचं, नाहीच बरं का. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नर या संगीतकाराची 'रिंग' ही चार ऑपेरांची मालिका पहिल्यांदा पूर्ण सादर झाली, तिची वेशभूषा केली होती कार्ल एमिल डोप्लरने, त्याने पात्रांच्या डोक्यावर शिंगं न् पंख चढवले आणि तेव्हापासून ती जी चिकटलीत ती आजतागायत निघालेली नाहीत. खरं व्हायकिंग काळातलं हेल्मेट १९४३ ला नॉर्वेत सापडलं, साधं लोखंडी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी चौकट, शिंगाचा पत्ता नाही.

हेल्मेटपासून सुरुवात का केली, तर संगीताचंही तेच आहे. व्हायकिंग काय गायचे, कसं गायचे, कोणालाच माहीत नाही. त्या भागातलं सगळ्यात जुनं लिहून ठेवलेलं लौकिक गाणं म्हणजे एका कायद्याच्या हस्तलिखिताच्या शेवटी असलेली दोन ओळींची चाल, 'मला काल रात्री स्वप्न पडलं' अशी काहीतरी ओळ आहे, आणि तीही साधारण १३०० सालची, म्हणजे व्हायकिंग काळ संपून दोनशे-अडीचशे वर्षं झाल्यावरची. त्यामुळे कुठलाही बँड आम्ही व्हायकिंग म्युझिक करतो म्हणाला की समजायचं, पोरांनी स्वतः काहीतरी रचलंय. यात वाईट काही नाही, उलट मजा तिथेच आहे.

व्हायकिंग मेटलचा, म्हणजे व्हायकिंगांच्या विषयांवरच्या मेटलचा, पाया घातला स्टॉकहोमच्या बाथोरी या बँडने, म्हणजे खरं तर क्वॉर्थन या एका माणसाने. 'ब्लड फायर डेथ' १९८८ चा, 'हॅमरहार्ट' १९९० चा. संथ रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, आणि मागे कॉयर, म्हणजे गाणारा समूह. हा कॉयर म्हणजे तोच, स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवलेले! थोडा बेसूर आहे, पण मला तो बेसूरपणाच आवडतो. पुढच्या अल्बमचं नाव त्याने ठेवलं 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स', म्हणजे परत वाग्नरच, 'रिंग'मधल्या शेवटच्या ऑपेराचं नाव. बघा, कुठूनही निघालात तरी गाडी बायरॉइटलाच जाते.

आता थेरियन. हेही स्वीडनचेच, सुरुवात डेथ मेटलने, म्हणजे गुरगुरणं, आरडाओरडा वगैरे. क्रिस्टोफर योन्सन हा त्यांचा म्होरक्या, वाग्नरचा पक्का भक्त. १९९६ च्या 'थेली'पासून त्याने कॉयर आणि ऑर्केस्ट्रा मधोमध आणून बसवला, आणि २००१ ला आला 'सीक्रेट ऑफ द रून्स'. अकरा गाणी, पहिलं 'गिनुंगागाप', म्हणजे सृष्टीच्या आधीची ती प्रचंड पोकळी, आपल्या भाषेत नांदी म्हणा, मग तिकडच्या पुराणांतल्या नऊ जगांची नऊ गाणी, माणसांच्या मिडगार्डपासून मेलेल्यांच्या हेलहाइमपर्यंत, आणि शेवटी रून्स, म्हणजे तिकडची जुनी अक्षरं.

कट्टर लोक म्हणतील हे व्हायकिंग मेटल नव्हेच, जहाज नाही, तलवार नाही, मठ लुटणं नाही. बरोबरच आहे. यात माणसं जवळजवळ नाहीतच, आहेत त्या जागा. आणि गंमत अशी की जुन्या कवितांमधे नऊ जगांचा उल्लेख येतो पण नऊच्या नऊ नावांची यादी कुठेच दिलेली नाही, 'एडा' म्हणजे तिकडच्या पुराणकथांचा जुना ग्रंथ, त्यात इकडेतिकडे विखुरलेली नावं नंतरच्या लोकांनी जुळवून नकाशा तयार केला. म्हणजे हा अल्बमसुद्धा एक नकाशाच, एका बँडने काढलेला.

त्यात पाचवं गाणं बघा, काळ्या बुटक्या कारागिरांचं जग. स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात आइसलँडमधे बसून 'एडा' लिहिली, त्यात हे स्वार्टाल्फहाइम. इथे मात्र नाव आहे जर्मन, 'श्वार्ट्सआल्बेनहाइम'. बाकी ठिकाणी मिडगार्ड, आसगार्ड, आणि इथेच जर्मन का? माझा अंदाज सांगतो, वाग्नरच्या 'रिंग'मधल्या 'सीगफ्रीड' या ऑपेरात जमिनीखाली सोनं घडवणाऱ्या बुटक्यांना 'श्वार्ट्सआल्बेन' म्हटलंय. मला तरी तो सरळसरळ नमस्कार वाटतो.

ऐकायचं कसं, तर माझी एकच विनंती आहे, हीरो शोधू नका. मेटल ऐकणाऱ्याला सवय असते की एक गायक असतो, आपण त्याच्या आवाजाला धरून चालतो. इथे तसं केलंत तर दोन गाण्यांत कंटाळाल, मी स्वतः पहिल्यांदा कंटाळलो होतो, सगळी गाणी सारखीच वाटली आणि सीडी वर्षभर पडून होती. इथे गातो तो समूह. पुरुषांचा गट एक ओळ टाकतो, बायकांचा गट ती उचलतो, मधेच एखादा ऑपेराचा सोलो आवाज वर येतो आणि परत गर्दीत मिसळून जातो. गिटार मुद्दाम साधी ठेवलीय, जमिनीसारखी, तिच्यावर बाकीच्यांनी चालायचं. त्यामुळे हेडफोनवर ऐका, गिटारकडे दुर्लक्ष करा आणि खालच्या पट्टीतले पुरुषांचे आवाज धरा, मग तेच गाणं वेगळं ऐकू येतं, खरंच.

शेवटचं गाणं रून्सचं. 'हावामाल' या जुन्या कवितेत देवांचा प्रमुख ओडिन सांगतो की मी वाऱ्यात हलणाऱ्या झाडावर नऊ रात्री लटकलो, भाल्याने जखमी, स्वतःच स्वतःला बळी दिलेला, कोणी भाकरी दिली नाही की प्यायला दिलं नाही, मग खाली वाकून बघितलं आणि रून्स उचलले, ओरडत उचलले. तो 'ओरडत' शब्द मूळ कवितेत आहे. आणि ओरडण्यावर ज्यांची कारकीर्द सुरू झाली त्या बँडने नेमकं इथे ओरडायचं टाळलंय!

चला, लाईट जरा कमी करा, 'गिनुंगागाप' लावतो. आणि हो, घरी बोनसवाली आवृत्ती ऐकलीत तर हेलहाइम, रून्स सगळं गंभीरपणे पार पडल्यावर बोनस गाण्यांत अचानक आब्बा या पॉप बँडचं 'समर नाइट सिटी' सुरू होईल. सीडी बिघडलेली नाही, तेही स्वीडनचेच आहेत.